सर्दी न आलेला हिवाळा

२०२० सालच्या जून-जुलैत पश्चिम ऑस्ट्रेलियात ऐन हिवाळा होता. दरवर्षी या दिवसांत तिथल्या बालरुग्णालयांत धापा टाकणारी तान्ही बाळं एकामागून एक दाखल होत असतात. त्या वर्षी ती आलीच नाहीत. मुलांमधल्या आरएसव्ही या विषाणूच्या नोंदी आधीच्या हिवाळ्यांच्या मानाने ९८ टक्क्यांनी घटल्या, फ्लूच्या तर ९९ टक्क्यांहून अधिक. न्यूझीलंडमध्ये फ्लूची वार्षिक साथ उगवलीच नाही. मग उत्तर गोलार्धात हिवाळा आला आणि तिथंही तेच घडलं. अमेरिकेत २०१९-२० च्या हंगामात फ्लूमुळे १९९ मुलं दगावल्याची नोंद झाली होती. २०२०-२१ च्या हंगामात ही संख्या होती एक.

मी डॉक्टर नाही. एका मुलाची आई आहे, आणि कोविडच्या काळात आजारांविषयी वाचायची लागलेली सवय अजून सुटलेली नाही. या दोन आकड्यांपाशी मी फार दिवस अडकून होते. लहान मुलं हिवाळ्यात आजारी पडायचीच, हे आपण सगळेच गृहीत धरतो. वाहतं नाक, रात्रीचा खोकला, कानदुखी, छातीतली घरघर, हे सगळं सोसूनच मूल मोठं होतं असं एकमेकांना सांगतो आणि त्यात आपल्याला धीरही मिळतो. मग एक वर्ष असं आलं की थंडी तेवढीच पडली, मुलंही तीच होती आणि तरी हे आजार आले नाहीत. मोठी माणसं प्रवास करायची थांबली होती, गर्दी करायची थांबली होती, अंगात कणकण असताना कामावर जायची थांबली होती. १९९ मुलांच्या मृत्यूंमागे थंडी किती आणि आपली वागणूक किती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आरएसव्हीचं नाव मी महासाथीआधी ऐकलंही नव्हतं. ओळखीतल्या आईबापांपैकीही फारसं कुणी ऐकलं नव्हतं. तरी दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच. १९५६ मध्ये तो पहिल्यांदा सापडला प्रयोगशाळेतल्या सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, आणि लवकरच आजारी बाळांमध्येही तोच निघाला. मोठ्या माणसाला त्याने बहुधा साधं पडसं होतं. तान्ह्या बाळात मात्र तो खाली उतरतो, फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासवाहिन्यांना सूज आणतो, आणि मेलेल्या पेशी व चिकट स्राव यांनी त्या तुंबतात. अरुंद नळीतून हवा नेण्याचं गणित निर्दय आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा विरोध सोळापट होतो. जेवढ्या सुजेने मोठ्या माणसाला नुसतं खाकरावंसं वाटेल, तेवढ्याच सुजेने बाळाचं पोट उडू लागतं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, आणि ते दूध पिता पिता मध्येच सोडून देतं, कारण श्वास आणि दूध दोन्ही एकदम त्याला झेपत नाही. २०१९ या एकाच वर्षात जगभरात पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं आरएसव्हीमुळे दगावली असा अंदाज आहे. त्यातली जवळपास निम्मी सहा महिन्यांच्या आतली होती.

त्यामुळे तो रिकामा हिवाळा मला क्षुल्लक वाटत नाही. कुणी तो ठरवून आणला नव्हता, कोविडसाठी केलेल्या बंदोबस्ताची ती अनपेक्षित जोडफळं होती. आणि त्यातही एक तपशील असा आहे की ज्याने माझी बरीच समजूत ढासळली. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्या मे महिन्यातच शाळा पुन्हा भरू लागल्या होत्या. मुलं एकमेकांशेजारी बसत होती, खेळत होती, एकमेकांच्या अंगावर शिंकत होती. तरी पुढचे कित्येक आठवडे आरएसव्ही फिरकला नाही. म्हणजे नुसती शाळा बंद ठेवणं हे त्याचं कारण नव्हतं. सरहद्दी बंद होत्या, बाहेरून विषाणू येत नव्हता, आणि आत जो थोडाफार उरला होता त्याला साखळी धरता येत नव्हती. शाळा बंद असण्याचं ओझं मुलांनी जगभर जेवढं सोसलं, त्यातलं किती खरोखर गरजेचं होतं हे या एका उदाहरणावरून ठरणार नाही. पण मुलांच्या वाटच्या प्रत्येक उपायाआधी मोठ्यांच्या वाटचा उपाय किती बाकी आहे, हे विचारायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

मग सप्टेंबरनंतर तिथं नोंदी चढू लागल्या. डिसेंबरात, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात, आरएसव्हीची लाट नेहमीच्या हिवाळी शिखरापेक्षा उंच गेली. आजारी पडणारी मुलंही वयाने मोठी होती. एरवी या मुलांचं मध्यक वय सात ते बारा-साडेबारा महिन्यांच्या दरम्यान असायचं, या वेळी ते अठरा महिन्यांच्या पुढे गेलं. विषाणूंचे जनुकीय नमुने तपासले तेव्हा दिसलं की आधी एकाच वेळी फिरणाऱ्या अनेक शाखांपैकी बहुतेक गळून गेल्या होत्या, आणि मोजक्याच शाखांनी ही सगळी लाट उठवली होती.

पुढच्या दोन वर्षांत देशोदेशी हेच घडत गेलं. न्यूझीलंडने २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाशी विलगीकरणाविना ये-जा सुरू केली आणि जून-जुलैत बालकक्ष भरून वाहू लागले. एका रुग्णालयात तर मुलांची खेळायची खोली तान्ह्या बाळांच्या खाटांसाठी रिकामी करावी लागली. जपानमध्ये २०२० साली आरएसव्ही जवळजवळ दिसला नाही आणि २०२१ च्या उन्हाळ्यात मोठी साथ आली. नेदरलँड्समध्ये हिवाळा कोरा गेला, साथ उन्हाळ्यात सुरू झाली आणि मग बराच काळ थांबेचना. अमेरिकेत २०२१ च्या जूनमध्येच दक्षिणेकडच्या राज्यांना इशारा द्यावा लागला, आणि २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आरएसव्ही, फ्लू आणि कोविड एकत्र आल्यावर बालरुग्णालयांत खाटा पुरेनात.

याच सुमारास एक समजूत घरोघरी पसरली, आणि ती अजून गेलेली नाही. मुलांना घरात कोंडून ठेवलं, सारखे हात धुवायला लावले, मास्क लावले, म्हणून त्यांची प्रतिकारशक्तीच दुबळी झाली. जंतूंशी झटापट नाही, म्हणून अंगात ताकद नाही. हे ऐकायला पटतं. अनेक आयांनी हे स्वतःला लावून घेतलं, आपण जपलं म्हणून लेकरू आजारी पडलं असा सल बाळगला. मला हे सहन होत नाही, कारण ते खरं नाही.

बाळाची प्रतिकारयंत्रणा रिकामी बसलेली नसते. आतड्यातले, त्वचेवरचे, अन्नातले, घरातल्या माणसांकडून येणारे असंख्य सूक्ष्मजीव टाळेबंदीतही तिला भेटत होते, लसीही तिला शिकवत होत्या. आरएसव्हीशी गाठ पडली नव्हती म्हणून तिला आरएसव्हीची ओळख नव्हती, इतकंच. एरवी दर हिवाळ्यात साधारण एका वर्षात जन्मलेली मुलं या विषाणूला पहिल्यांदा भेटतात. मध्ये हिवाळा कोरा गेला की पुढच्या वेळी दोन वर्षांची मुलं त्याच्यापुढे एकदम उभी राहतात. ज्या वर्गात तीस मुलांची सोय आहे तिथं साठ मुलं एकाच दिवशी दाखल झाली तर गोंधळ उडेल, पण म्हणून त्या साठांतलं कुठलंही मूल कच्चं ठरत नाही. लाट मोठी होती ती मुलांच्या संख्येमुळे. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२० च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे बहुतेक लाटा यायच्या आधीच, नेमकं हेच गणित मांडून मोठ्या साथींचा अंदाज प्रसिद्ध केला होता.

दुसऱ्या टोकाची समजूतही आहे, की कोविड होऊन गेल्यामुळे मुलांची प्रतिकारयंत्रणा बिघडली आणि म्हणून ही आजारपणं आली. त्यावर अभ्यास चालू आहेत आणि व्हायलाच हवेत. पण पश्चिम ऑस्ट्रेलियात २०२० च्या अखेरीस कोविड जवळपास नव्हताच, आणि आरएसव्हीची लाट तरीही आली. तिला समजून घ्यायला कोविडने केलेल्या बिघाडाची गरज पडत नाही.

आता या गणिताची जी बाजू मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. आरएसव्ही उशिरा होणं हे एकेका मुलाच्या दृष्टीने नुकसान नाही. उलट ते भाग्य आहे. दोन महिन्यांच्या बाळाला जो विषाणू ऑक्सिजनवर नेतो, तोच दोन वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा आठवडाभर खोकायला लावून सोडतो, कारण तोवर श्वासवाहिन्या रुंदावलेल्या असतात. २०२० च्या वसंतात जन्मलेल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातले सगळ्यात नाजूक महिने या विषाणूविना काढले. किंमत मोजली ती त्यांच्या मागून जन्मलेल्यांनी.

आमच्याच घरात याची दोन टोकं आहेत. माझा मुलगा २०१९ च्या अखेरीस जन्मला. त्याचं दुसरं वर्ष इतकं निरोगी गेलं की औषधाच्या बाटल्या न उघडताच मुदतीबाहेर गेल्या. माझी भाची, म्हणजे भावाची धाकटी, २०२१ च्या मध्यावर झाली. तिचा थोरला भाऊ तेव्हा तीन वर्षांचा, नुकताच बालवाडीत जाऊ लागलेला. त्याला दोन दिवस सर्दी झाली, तिसऱ्या दिवशी तो उड्या मारत होता. ती काही आठवड्यांची होती. तिचं दूध तुटलं, मग श्वास वाढला, आणि वहिनी तिला घेऊन रुग्णालयात राहिली. डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं होतं, “घरात मोठं भावंड आहे का?” ते विचारणं किती नेमकं होतं हे मला नंतर कळलं. तान्ह्यांपर्यंत आरएसव्ही पोचवणारी सगळ्यात सरळ वाट म्हणजे शाळेत जाणारं भावंड. एरवी तीन वर्षांच्या मुलाला तो एकदोनदा होऊन गेलेला असतो. त्या वर्षी थोरल्याचीही ती पहिलीच खेप असावी, आणि पहिल्या खेपेला मूल जास्त विषाणू, जास्त दिवस बाहेर टाकतं. भाची सुखरूप घरी आली. आत्या म्हणून मी फोनवर रोज एकच विचारायचे, आज किती प्यायली.

वहिनीला आपल्याकडूनच काही कमी पडलं असं वाटत राहिलं, आणि इथं आणखी एक दुवा सांगायला हवा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, आणि पहिले काही महिने तीच त्याची ढाल असतात. मोठ्यांना आरएसव्ही वरचेवर होत असतो, पडसं म्हणून विसरलाही जातो, पण प्रत्येक खेपेला आईची ती शिदोरी ताजी होते. २०२०-२१ मध्ये मोठ्यांनाही तो फारसा झाला नाही. कॅनडात आणि नेदरलँड्समध्ये रक्ताचे नमुने तपासले तेव्हा आरएसव्हीविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी खाली आलेली दिसली. म्हणजे त्या वर्षांत जन्मलेल्या अनेक बाळांना आईकडून कमी संरक्षण मिळालं, आणि बाहेर त्यांची वाट पाहत होती नेहमीपेक्षा मोठी लाट. यात कुठल्या आईचा काय दोष? बाळ किती आजारी पडणार हे त्याच्या जन्मतारखेवर ठरत होतं.

विषाणू गेले तेव्हा त्यांच्याबरोबर आणखीही काही गेलं, आणि ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. न्यूमोकॉकस हा जिवाणू लहान मुलांच्या नाकात-घशात एरवीही निवांत राहतो. कधीमधी तो फुप्फुसात किंवा रक्तात उतरतो आणि न्यूमोनिया, मेंदूज्वर असे गंभीर आजार करतो. २०२० मध्ये सव्वीस देशांच्या व प्रदेशांच्या नोंदी एकत्र केल्यावर दिसलं की असे गंभीर आजार एकदम घटले आहेत. साहजिकच वाटलं की जिवाणूचा प्रसार थांबला असणार. पण इस्रायलमधल्या संशोधकांनी मुलांच्या नाकातले नमुने तपासत राहण्याचं काम सोडलं नव्हतं, आणि त्यांना जिवाणू जवळजवळ पूर्वीइतक्याच मुलांच्या नाकात सापडला. जिवाणू होता, आजार नव्हता. नव्हते ते आरएसव्ही, फ्लू आणि मानवी मेटान्यूमोव्हायरस. हे विषाणू श्वासमार्गाचं अस्तर खरवडून ठेवतात, तेव्हा नाकातल्या जिवाणूला खाली उतरायची वाट मिळते, असा अंदाज डॉक्टरांना पूर्वीपासून होता. ही गोष्ट माणसांवर प्रयोग करून कुणी कधी सिद्ध करू शकलं नसतं. महासाथीने तो प्रयोग सगळ्या जगावर एकदम करून दाखवला. दम्याच्या मुलांचे झटकेही त्याच काळात कितीतरी कमी झाले. एरवी सर्दीचे विषाणूच त्यांना झटक्याकडे ढकलत असतात.

सगळेच विषाणू मात्र गेले नाहीत. ऱ्हायनोव्हायरस, आपल्या नेहमीच्या सर्दीचा मुख्य कारभारी, टिकून राहिला. हाँगकाँगमध्ये शाळा उघडल्यावर मास्क लावलेल्या मुलांमध्येही त्याच्या साथी पसरल्या. त्याला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे साबण आणि अल्कोहोल त्याला आरएसव्ही-फ्लूइतके मारक ठरत नाहीत, पृष्ठभागांवरही तो तग धरतो. त्याचे १६० हून अधिक प्रकार आहेत. मुलं तो अंगावर न दाखवताही फिरवत राहतात.

उशिरा परतणारेही होते. २०२२ च्या डिसेंबरात ब्रिटनसह युरोपातल्या पाच देशांनी मुलांमध्ये स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचे गंभीर आजार वाढल्याचं कळवलं. मायकोप्लाझ्मा हा न्यूमोनिया करणारा जिवाणू तर बाकी सगळे परतल्यानंतरही गायब होता आणि २०२३ च्या शरदात चीन, डेन्मार्क अशा एकमेकांपासून दूरच्या देशांत एकदम उसळला. त्या नोव्हेंबरात उत्तर चीनमधल्या मुलांच्या आजारांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने माहिती मागवली तेव्हा जगाच्या काळजात धस्स झालं होतं. निघाले ते सगळे जुनेच जंतू. मायकोप्लाझ्मा सावकाश वाढतो, लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणून त्याची साखळी पुन्हा जुळायला वेळ लागला असावा. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे मुलांना सर्रास दिली जाणारी पेनिसिलिन गटातली औषधं त्याच्यावर चालतच नाहीत. आणि फ्लूची बी/यामागाता ही शाखा २०२० च्या मार्चनंतर कुठेच खात्रीने सापडलेली नाही, इतकी की २०२४-२५ च्या हंगामापासून उत्तर गोलार्धातल्या लसींतून ती वगळायला सुरुवात झाली.

खरी थकबाकी कुठे साचली असेल तर ती लसीकरणात. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसीचे तीन डोस पुरे करणाऱ्या मुलांचं प्रमाण जगभरात २०१९ मध्ये ८६ टक्के होतं, २०२१ मध्ये ते ८१ टक्क्यांवर घसरलं. त्या एका वर्षात अडीच कोटी मुलांचा निदान एक डोस तरी चुकला. आरोग्यसेविका कोविडच्या कामाला जुंपल्या होत्या, दवाखान्यात जायची भीती होती, वाहनं बंद होती. आरएसव्हीची भेट दोन वर्षं पुढे ढकलली गेली तर मुलाचं भलंच होतं. डांग्या खोकल्याच्या लसीचं तसं नाही. २०२३ नंतर अनेक देशांत तो खोकला उसळून आला तेव्हा सगळ्यात जास्त धोक्यात आली ती लसीचं वयही न झालेली बाळं.

ज्या काळात आरएसव्ही अनपेक्षित ऋतूंत भटकत होता, त्याच काळात त्याला अडवायची साधनंही तयार झाली. त्यांची वाट लांब आणि दुःखाची होती. १९६० च्या दशकात अमेरिकेत एका लसीची चाचणी झाली, तेव्हा लस दिलेली मुलं पुढे आरएसव्ही झाल्यावर न दिलेल्यांपेक्षा जास्त आजारी पडली आणि त्यातली दोन दगावली. त्यानंतर कितीतरी दशकं या क्षेत्रात कुणाचं पाऊल सहज पडलं नाही. २०१३ मध्ये विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचा पेशीत घुसण्याआधीचा आकार नेमका कळला आणि वाट सापडली. आता बाळाला एकाच टोचणीत महिनोन्महिने पुरणारी तयार प्रतिपिंडं देता येतात, त्यांचं नाव निर्सेव्हिमॅब. आणि गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत देण्याची लस आहे, जिची ढाल वारेतून बाळाकडे जाते. स्पेनच्या गॅलिसिया प्रांताने २०२३ च्या शरदापासून बाळांना निर्सेव्हिमॅब द्यायला सुरुवात केली. ते मिळालेल्या बाळांना आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल करावं लागण्याचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी झालेला दिसला.

म्हणजे २०२० च्या हिवाळ्यात जे सगळं जग बंद ठेवून घडलं, त्यातला मोठा भाग आता काहीही बंद न करता घडवता येतो. शाळा उघड्या ठेवून, भावंडांना एकत्र खेळू देऊन. वहिनी पुन्हा गरोदर राहिली असती तर मी तिला सगळ्यात आधी याच लसीविषयी डॉक्टरांना विचारायला सांगितलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या मे महिन्यात सगळ्याच देशांनी या दोहोंपैकी एखादं साधन वापरावं अशी शिफारस प्रसिद्ध केली आहे. आरएसव्हीने जाणाऱ्या मुलांपैकी ९७ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जातात. ही साधनं आधी श्रीमंत देशांत पोचली. ती उरलेल्या ९७ टक्क्यांपर्यंत किती वर्षांत जातात, याच्या बातम्या मी आता तशाच नेमाने वाचते जशा २०२० मध्ये कोविडच्या वाचत होते.